खलाशी म्हणून लागलो

रत्नागिरीजवळच्या पावसच्या वाचनालयाने गावातल्या बोटीवरच्या माणसांच्या वस्तूंची एक खोली करायचं ठरवलं, तेव्हा दमयंती मयेकरने घरातली जुनी पेटी द्यायचं कबूल केलं. दमयंती शाळेत भूगोल शिकवते. पेटी तिच्या आजोबांची, आत्माराम मयेकरांची. सागवानी, हातभर उंच, वर पितळी घंटा, पुढे काचेआड काटा असलेली तबकडी आणि खाली दाबायची एक कळ. आजोबा बोटीवर होते, म्हणून पेटीही बोटीवरची, असं घरात सगळे धरून चालले होते.

अडचण आली पेटीजवळ लावायची चिठ्ठी लिहिताना. यंत्राचं नाव काय, ते कोणालाच सांगता येईना. तिचे वडील विठू मयेकर स्वतः एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर काढून आलेले, वय ब्याऐंशी. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, जुन्या काळचं असेल, मी असलं काही पाहिलं नाही. मग दमयंतीने पेटीचे फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. दुसऱ्याच दिवशी एका शिक्षिकेच्या भावाचा फोन आला. सलिल दामले, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन रत्नागिरीत राहणारे. पेटी हलवू नका, मी येतो, एवढंच ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते आले. चहा बाजूला ठेवून त्यांनी आधी पेटीभोवती एक फेरी मारली. तबकडीवरची अक्षरं पुसट झाली होती. त्यांनी फडकं ओलं करून काच पुसली, बॅटरीचा उजेड तिरपा धरला आणि दमयंतीला वाचायला लावलं. एक एल आणि एक सी, एवढंच तिला दिसलं.

"लाइन क्लिअर," सलिल म्हणाले. "ताई, हे बोटीचं नाही. रेल्वेचं आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. एका रुळावरून दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी जावी म्हणून दोन्हीकडे अशी यंत्रं असत. इकडच्या मास्तराने कळ दाबली की तिकडे घंटा वाजायची. समोरच्याने होकार दिला की काटा सरकायचा, मगच गाडी सुटायची. दमयंती गोंधळली. रत्नागिरीत गाडी आली तोवर आजोबांना जाऊन वर्षं लोटली होती. हे इथे आलं कुठून?

ते सलिलना सांगता येईना. कारखान्याची पट्टी जिथे असते तिथे स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. नंबरावर छिन्नीचे घाव होते. त्यांच्या खात्यात यंत्र भंगारात काढलं की असा नंबर खोडत, म्हणजे चोरीचं बहुधा नसावं. पण कुठल्या मार्गावरचं, कुठल्या स्टेशनातलं, हे कळायला एकही खूण उरली नव्हती. मग परवानगी मागून त्यांनी मागचं दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. दुरुस्तीला येणारा माणूस तारीख टाकून सही करायचा, ही रीत सलिलच्या वेळेपर्यंत होती. सन एकोणपन्नासपासून एकसष्टपर्यंतच्या तारखा, इंग्रजी सह्या. सगळ्यांत खाली मात्र देवनागरीत, जपून काढलेल्या अक्षरांत एक ओळ होती: आत्माराम विठोबा मयेकर, खलाशी.

दमयंतीला हायसं वाटलं. खलाशीच लिहिलंय की, ती म्हणाली.

सलिलनी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या विठूंकडे पाहिलं. "काका, आमच्या खात्यात मदतनिसाला खलाशीच म्हणतात. सिग्नल खलाशी. त्याचा समुद्राशी संबंध नसतो."

विठू उठून पेटीपाशी आले. चष्मा वर करून ती ओळ त्यांनी दोनदा वाचली, मग खुर्चीत बसून हळूहळू बोलू लागले. वडिलांचं पहिलं पत्र विठूंची आजी त्यांना नेहमी सांगायची. खलाशी म्हणून लागलो, मुंबईस असतो, काळजी नसावी. घरात तिघे काका बोटीवर, शेजारी बोटीवर. कोणी दुसरा अर्थ लावलाच नाही. वडील वर्षातून एकदा यायचे. लोक बंदरांची नावं विचारायचे आणि ते विषय बदलायचे. ते तुटक बोलतात म्हणून गाव त्यांना गर्विष्ठ म्हणायचं.

"खोटं त्यांनी कधी लिहिलं नाही," विठू म्हणाले. "आम्हीच चुकीचं वाचलं. नंतर सांगायला त्यांची जीभ रेटली नसेल."

दमयंतीने विचारलं, तुम्हाला कधी शंका नाही आली? आली होती. बोटीवर दोन वर्षं काढल्यावरच हे यंत्र तिथलं नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण कोणाचं बघून समुद्रावर गेलो, हाही प्रश्न निघाला असता. खलाशाचा मुलगा म्हणून ते एकोणिसाव्या वर्षी गेले. पहिली चार वर्षं बोट हलली की त्यांना उलट्या व्हायच्या.

"मी निघालो तेव्हा बाबा भगवती बंदरापर्यंत आले होते," ते म्हणाले. "बोटीपर्यंत नेणारा पडाव सुटताना म्हणाले, नाही जमलं तर परत ये, मी कोणाला काही बोलू देणार नाही. मला राग आला गो. वाटलं, माझ्यावर भरवसा नाही यांचा."

सलिलनी पेटीचं दार लावून घेतलं आणि गार झालेला चहा प्यायला.

वाचनालयाच्या चिटणिसांना वाटलं, आता पेटी त्या खोलीत बसत नाही. दमयंतीही मागे घ्यायला तयार झाली. विठूंनी ऐकलं नाही. पेटी ठेवायची, आणि खरं लिहून ठेवायची. दमयंतीने चिठ्ठी केली: रेल्वेचे घंटायंत्र, स्टेशन माहीत नाही, आत्माराम विठोबा मयेकर, सिग्नल खलाशी, यांच्याकडील.

खोली उघडली त्या दिवशी विठू पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याच वयाचे बाळा सुर्वे काठी टेकत आले, वाकून चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे तुझे वडील बोटीवर नव्हते?"

"नव्हते," विठू म्हणाले. "मी होतो." आणि त्यांनी बाळाला बसायला दुसरी खुर्ची ओढली.