कपाटाचा पहारा मी काढला

खण्! स्वयंपाकघरात चमचा पडला आणि दुपारची शांतता मोडली. आईने संगणकावरची मान वर केली. "झोपली नाहीस ना अजून?" आतून लेकीचे उत्तर आले, "झोपले होते. चमच्याने उठवलं."

मित्रांनो, त्या संगणकात राहणारे मी एक जुने अवजार आहे. मला ना दांडा, ना पाते. माझे नाव 'हटवा'.

दूरदूरची यंत्रे तारांनी जोडलेली असतात. प्रत्येक यंत्रावर एक पहारा बसवलेला असतो. तो थोड्या थोड्या वेळाने हाक मारतो, "आहेस का रे?" यंत्राने ओ दिली की गप्प बसतो. ओ आली नाही की आकांडतांडव करतो. एखादे यंत्र मोडीत निघाले की त्याचा पहारा, नोंदींसकट, कायमचा काढून टाकणे हे माझे काम.

मला घडवले ते आईच्या कार्यालयातल्या काकांनी. मला हात लावण्यापूर्वी ते शेजारच्यांना दोनदा विचारत. "दिसायला गरीब आहे हो, पण याने केलेलं ब्रह्मदेवालाही परत आणता यायचं नाही," असे म्हणून हसत. मला त्याचा केवढा अभिमान वाटे! काका निवृत्त झाले. माझी ओळख त्यांच्या डोक्यात होती, ती त्यांच्याबरोबर गेली.

मग एआय मदतनीस आला. हुशार, नम्र, कामाला वाघ. पण काका त्याला कधी भेटलेच नव्हते. अवजाराच्या चिठ्ठीवर जे लिहिलेले असेल, तेवढेच त्याला ठाऊक. माझी चिठ्ठी आईने लिहिली. लेक तेव्हा तान्ही होती, मांडीवर रडत होती. एका हाताने आईने एकच ओळ लिहिली : 'पहारा बंद करते.' पहारा थोडा वेळच गप्प करणारा माझा भाऊ 'थांबवा' शेजारीच होता. त्याची चिठ्ठी राहूनच गेली.

एकदा एका दवाखान्यातून परिचारिकेचा फोन आला. तिथल्या थंड कपाटात बाळांच्या लसी असत, आणि त्या कपाटावर आमचा पहारा असे. "ताई, वायरमन आलेत, वीज सारखी जातेय आणि तुमच्या पहाऱ्याचा भोंगा नुसता केकाटतोय. दुपारपुरता बंद करा ना!"

आईने मदतनिसाला तसेच सांगितले. त्याने चिठ्ठ्या वाचल्या आणि मला उचलले. मी 'थांब' म्हणू शकले नाही, मित्रांनो. मला बोलता येते ते फक्त चिठ्ठीतून. मी पहारा काढला. वायरमन गेले, सगळ्यांना वाटले पहारा परत सुरू झाला. पुढे कधीतरी ते कपाट बंद पडले आणि कुणी ओरडलेच नाही.

"निदान कधी बंद पडलं ते तरी सांगा," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या.

"नाही सांगता येत. नोंदच नाही," आई म्हणाली.

"मग चांगल्या लसी कुठल्या नि वाईट कुठल्या, कसं ओळखू? सगळ्याच टाकाव्या लागणार. बाहेर बायका लेकरं घेऊन बसल्यात हो."

त्या दिवशी ती बाळे लस न घेताच घरी गेली. कार्यालयातला एक जण म्हणाला, "तुझा मदतनीस भलताच आज्ञाधारक निघाला!" आई म्हणाली, "त्यानं वाचलं तेच केलं. लिहिलं मी होतं."

उद्या नव्या कपाटावर पहारा बसणार आहे, आणि अवजारे त्याच मदतनिसाच्या हाती असणार आहेत. म्हणून आज आई माझी चिठ्ठी नव्याने लिहिते आहे. लिहिता लिहिता मोठ्याने वाचते आहे : "हे अवजार पहारा आणि त्याच्या सर्व नोंदी कायमच्या काढते. परत आणता येत नाही. थोड्या वेळापुरते गप्प करायचे असेल, तर 'थांबवा' वापर. कोणता पहारा, ते नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवून बघ. जराही शंका असेल, तर काही करू नकोस. माणसाला विचार."

मित्रांनो, कुणाच्या हाती अवजार द्याल, तेव्हा ते काय करते एवढेच सांगू नका. ते काय मोडते, तेही सांगा.

लेक चमचा घेऊन दारात उभी होती. "आई, माणसाला म्हणजे कुणाला?"

"मला."

"आणि तू मला झोपवत असलीस तर?"

"तर त्यानं थांबायचं. मी येईपर्यंत."

लेकीने चमचा गालाला लावून विचार केला.

"आणि तू आलीस, पण तुलाही माहीत नसलं तर?"

आईने चिठ्ठीच्या शेवटी आणखी एक ओळ जोडली : "माणसालाही माहीत नसेल, तर पहारा तसाच राहू दे."