जेठासमोरचा पदर

"जेठ दिसला का आधी पदर, पोरी. डोळे मंग." जात्याच्या घरघरीतून आलेला आईचा हा आवाज मनकर्णाच्या कानात अजून होता. लहानपणीच घोकलेली ती रीत हाताला इतकी मुरली होती की हात तिला विचारायला थांबत नसे.

तिथंच घात झाला. संस्थानं विलीन होण्याच्या धामधुमीत हद्दीपलीकडच्या डोंगरातले दरोडेखोर फोपनारच्या शिवारात उतरले. केळीच्या बागेत मालक-गडी सारखेच चिखलानं माखलेले. सगळ्यांना माना खाली घालून ओळीत बसवलं. मालक कोण, कोणी सांगेना. तेवढ्यात मनकर्णा भाकरी घेऊन बांधावर आली. जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ गोटूभाऊ, दिसले, तसा तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि त्यांच्याकडे पाठ केली. म्होरक्या हसला. त्यानं गोटूभाऊंच्या मानेला बंदूक टेकवली.

दरोडेखोरांनी त्यांना डोंगरात नेलं. खंडणी पोचल्यावर गोटूभाऊ सुटले, पण घरी आले ते वेगळेच. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसेनात. भरदुपारी कडी घालत. बायकोनं, रंभाबाईनं, आधी घास खाल्ल्याशिवाय ताटाला शिवत नसत. डोंगरातल्या त्या लोकांबद्दल मात्र मायेनं बोलत. थंडीत आपलं कांबळं मला द्यायचे, म्हणत. त्यांनीच कानात घातलं होतं, तुला घरच्यानंच दाखवलं.

घरचा म्हणजे धाकटा भाऊ लोटू, मनकर्णाचा नवरा. बागेत दुसरं घरचं होतं कोण? लोटू खोकला तरी गोटूभाऊंना ती खूण वाटे. गावही कुजबुजू लागलं, थोरला गेला असता तर जमीन कोणाची? एकदा लोटूच बायकोला म्हणाला, "मलेच आता वाटते, मी पाह्यलं होतं का गं तेव्हा दादाकडे?" मनकर्णा चूल फुंकत राहिली.

शेवटी निवाड्यासाठी शनवारा पेठेतून दोघा भावांच्या मामांना बोलावलं. गोटूभाऊ म्हणाले, "याले जमीन द्या, काय पाहिजे ते द्या. पण घरातून काढा. हा पाठीमागं असला की मले झोप नाही येत."

लोटू तापीच्या पाण्यात उभा राहून शपथ घ्यायला तयार होता. गोटूभाऊ नुसते हसले. मग लोटूनं घर सोडायला खुंटीवरची पगडी काढली.

मनकर्णा दाराआड होती. जेठांशी ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. रंभाबाईनं तिचा हात धरला. तो सोडवून ती ओसरीवर आली.

"दादा, यायनं नाही. मी दाखवलं तुमाले. पदर ओढून पाठ केली, अन् तेनं ओळखलं. मले तेव्हाच समजलं होतं. भेवानं गप राह्यले."