सलमाचं दुपटं

ठाकुर्लीच्या सरोजताईंकडे दर बुधवारी दुपारी बायका दुपटी शिवायला जमत. जुन्या, मऊ सुती साड्यांची ही दुपटी गाझात तंबूंमध्ये जन्मलेल्या बाळांसाठी होती. कल्पना सुनेची, अंतराची. स्पेनमधल्या एका महिला गटाशी तिची ओळख होती, पोचवायचं त्यांनी पत्करलं होतं. पण नावं घालायचं डोकं खुद्द सरोजताईंचं. "बारसं झालेल्या बाळांची नावं मागव बघू. बिननावाचं दुपटं म्हणजे नुसतं फडकं!" असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. घरात त्यांचा आवाज असा खणखणीतच असायचा.

नावं आली. सलमा, यूसुफ, रीम. बायकांनी ती साखळी टाक्याने भरली. सोसायटीच्या हळदीकुंकवाला दुपटी मांडली आणि वर पाटी लावली, 'आम्ही गाझाच्या बाळांच्या बाजूने'. पाटीजवळ उभं राहून सरोजताईंनी हौसेने फोटोही काढून घेतले. त्यातला एक कुणीतरी नको तिथे पाठवला असणार, कारण पुढच्या बुधवारी दारात हवालदार उभे.

"घाबरू नका, तक्रार आलीय म्हणून विचारायला आलेलो. जबाबाला कुणालातरी चौकीत यावं लागेल," ते खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. "हे बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून चाललंय का? आणि ही नावं कसली?"

"बाळांची आहेत," अंतरा म्हणाली. "तिथून कळतात, आम्ही भरतो. सांगत कुणी नाही, आम्हालाच वाटलं. दुसऱ्या देशातल्या माणसांवर अन्याय होत असेल तर त्यांची बाजू घेणं हा गुन्हा नाही, साहेब. यात लपवण्यासारखं काही नाही."

"आम्हाला म्हणजे सगळ्यांना?" हवालदारांनी खोलीभर बघितलं.

चार जणी एकदम सुईत दोरा ओवायला लागल्या. अंतराने सासूकडे बघितलं. तिला फक्त एक 'हो' हवा होता, म्हणजे चौकीत तिला एकटीला जावं लागलं नसतं.

सरोजताईंच्या डोळ्यांसमोर मुलगा आला. सौमित्रची नोकरी सरकारी.

"छे हो!" त्या हसल्या. ते हसू त्यांचं त्यांनाच ओळखीचं वाटलं नाही. "आम्हाला मेलं राजकारण कुठलं कळतंय? आम्ही आपला टाइमपास करतो. नावंबिवं सगळी हिचीच."

"आई?" अंतरा म्हणाली.

त्यांनी मांडीवरचं सलमाचं दुपटं उलटं केलं आणि कात्री उचलली. साखळी टाक्याची शेवटची गाठ कापली की दोरा एका ओढीत सरसर निघतो. सलमा निघाली.

"अहो मॅडम," हवालदार अवघडून उठले, "उसवायला नाही सांगितलं मी. कुणीच नाही सांगितलं."

सरोजताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती तरी कुणीतरी घालायला हवी होती. इथे समोरच्या माणसाने साधं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

"माझं नाव लिहा," अंतरा म्हणाली. "अंतरा. पाटी मी लावली. चौकीत कधी यायचं?"

"उद्या सकाळी या. बरोबर कुणी येणार असेल तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

सरोजताईंनी यूसुफचं दुपटं ओढून घेतलं आणि गाठ शोधायला लागल्या. हात थांबवले असते तर मान वर करावी लागली असती, आणि समोर अंतरा उभी होती.