माहेरची खरेदी

कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होती, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"घे गं, बिनधास्त घे! दादा आहे ना!"

तिने पडदा सारला. नवराच होता. सोबत सुट्टीसाठी आलेली नणंद, तिची दोन मुलं आणि ओसंडून चाललेली ट्रॉली. नवरा गोदामात कारकून. एरवी चहासुद्धा विचार करून पिणारा. पण सुट्टीत बहीण आली की त्याच्या अंगात संस्थानिक संचारायचा. मग तो खर्च भरून काढायला पुढचे कितीतरी महिने ती जादा वेळ मशीनवर बसायची. मुलांना एकेक कपडा, बास, असं त्याने आज सकाळीच कबूल केलं होतं.

गळ्यातल्या टेपसकट ती बाहेर आली आणि ट्रॉलीतल्या वस्तू काढून काउंटरवर ठेवू लागली. जॅकेट. बूट. नणंदेच्या नवऱ्याचा सूट.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. आपलं लाइटबिल भरणारेत का ते?"

"वर्षातनं एकदा येते ती..."

"आणि मी वर्षभर फेडते! अहो, निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी नको होतं."

तिचा आवाज चिरकला. नणंदेने हातातला ड्रेस हळूच परत लटकवला.

"दादा, वहिनी बरोबर बोलतायत."

"तू गप्प बस गं."

"नाही, ऐक. तू एवढं देतोस, आणि घरी गेले की सासूबाई विचारतात, आता तू तुझ्या नणंदेला काय देणार? मग भांडणं. दर सुट्टीला. पण तुला कोणत्या तोंडानं सांगू? देताना किती खूश असतोस तू."

त्याने मुलांच्या कपड्यांचे तेवढे पैसे दिले आणि कुणाकडे न बघता बाहेर पडला.

ती मशीनवर परतली. हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच संताप आला. इतकी वर्षं दोघींनाही हे नको होतं, आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. सुई तुटली. तिने दुसरी लावली.

सुट्टी संपली. सगळे बसस्टँडवर निघाले. नणंदेची बॅग यंदा निम्मी रिकामी होती.

"मामा, मी घेते," भाची म्हणाली.

"राहू दे, जड आहे गं," तो म्हणाला आणि दरवर्षीसारखाच एका अंगाला कलून चालू लागला.