पोह्यांचा ट्रे नको म्हणून

सत्यशीलाबाईंना त्यांच्या तरुणपणी पाहायला आले, तेव्हा पाहुण्यांनी त्यांना अंगणात चालायला लावलं, सुई ओवायला लावली, वेणी सोडून केस ओढून पाहिले. काही लपवायची सोयच नव्हती. आता पाहुणे नुसते पोहे खातात. पण पोहे द्यायचे असतात उजव्या हातानं, आणि नातीचा, नूतनचा, उजवा हातच तर अडचणीचा होता.

धानोऱ्याच्या जंगलात मोहफुलं वेचताना अस्वलानं पंजा मारला होता. जखम भरली, पण मधली दोन बोटं कायमची ताठ राहिली. नूतन तहसील कार्यालयात त्याच हातानं कॉम्प्युटर चालवायची, साहेबांची काही तक्रार नव्हती. मागच्या पाहुण्यांपुढे मात्र ट्रे कलंडला, बशी फुटली, आणि ते लोक चहा न घेताच उठले.

म्हणून बल्लारपूरच्या कलाबाईंनी मुलासाठी फोन केला, तेव्हा सत्यशीलाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "घरी काऊन? चंद्रपुरात भेटू ना कुठी बाहेर. पोरं मोकळी बोलतीन."

"चालते ना बाई. आमचा संघपाल म्हणते, तिथी बोलिंग का काय ते नवीन झालं."

चौकशी केली तर कळलं, चेंडू घरंगळवायचा खेळ आहे. म्हणजे पोरगा खेळेल, बाकीचे बसून पाहतील. ट्रे नाही, बशी नाही. सत्यशीलाबाई निर्धास्त झाल्या.

"आजी, सांगून टाक न त्याईले," नूतन म्हणाली.

"सांगू. आधी पोरगं त पाहू दे."

बोलिंगच्या जागी पोचल्यावर त्यांनी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या. आतल्या माणसानं हसून त्यांना दोऱ्यांचे बूट दिले. आत नुसता गडगडाट चालला होता. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टी, शेवटाला बाटल्यांसारख्या पांढऱ्या खुंट्या. संघपाल, जाड चष्म्याचा, सरळ चेहऱ्याचा पोरगा, हातात गोळा घेऊन नूतनला समजावत होता, "अंगठा इथी. अन् मधली दोन बोटं या दोन भोकाईत."

सत्यशीलाबाईंनी नूतनच्या हाताकडे पाहिलं. पोहे चुकवायला म्हणून त्या इथे आल्या, आणि इथे नेमकी तीच दोन बोटं मागत होते.

संघपालनं खेळून घेतलं. वरच्या पडद्यावर नूतनचं नाव चमकलं. नूतननं ओढणीत गुंडाळलेला हात तसाच ठेवला आणि आजीकडे पाहिलं.

"थांब!" सत्यशीलाबाई उठल्या. "पहिला मी टाकतो."

"वा, आजी!" संघपाल खुश झाला.

त्यांनी गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि पट्टीवर आपटला. तो दोन हात सरळ गेला, मग बाजूच्या नालीत पडला. पलीकडची पोरं हसली. आपण सुटलो, असं वाटून त्या मागे वळल्या.

"अजून एक आहे, आजी," संघपाल म्हणाला. "दर पाळीले दोन मिळते. आता नूतनले टाकू द्या."

नूतन जागची हलली नाही. कलाबाई तिच्या ओढणीकडे पाहत होत्या. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "पोरीच्या हाताले काई झालं काय?"

रोज सकाळी विहारात सत्यशीलाबाई पंचशील म्हणत. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. आपण खोटं बोललो कुठं, नुसतं बोललो नाही, अशी त्यांनी इतके दिवस मनाची समजूत घातली होती. आता सरळ विचारलं होतं. 'काई नाई' हे दोन शब्द अगदी जिभेवर होते. त्यांनी तोंड उघडलं.

"अस्वलानं..." एवढंच निघालं.

नूतननं ओढणी सोडली. हात तिथल्या झगझगीत दिव्याखाली आला. तिनं गोळा दोन्ही तळव्यांत उचलला, पट्टीच्या कडेशी उकिडवी बसली आणि जात्याचा दगड सरकवावा तसा ढकलला. गोळा निघाला, पण इतका सावकाश की पाहणाऱ्याचा जीव जावा.

"आमी तुमाले पोराच्या चष्म्याचा नंबर बी सांगतला होता," कलाबाई म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "अन् तुमी हे लपवून राह्यल्या?"

"हो," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तिनं नाई, म्या लपवलं. ती त सांग सांग म्हणे."

गोळा मधेच थबकल्यासारखा झाला, मग जाऊन खुंट्यांना लागला. किती पडल्या, कोणी पाहिलं नाही. संघपाल आईकडे पाहत होता.

"घरी येतो आमी," कलाबाई शेवटी म्हणाल्या. "जसं पाह्यचं असते तसंच पाहू. पोहे करा, पोरीनं ट्रे आणावा."

सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांसमोर ती फुटलेली बशी आली.

"मी ट्रे नाई आणत," नूतन उठत म्हणाली. "पोहे मी करीन. ज्याले पाह्यजे त्यानं सैपाकघरात येऊन ओट्यावरून घ्यावे."

सत्यशीलाबाईंनी डोळेच मिटले. झालं. सरलं.

"ओट्यावरून?" कलाबाईंचा आवाज आला. मग त्यांची खुर्ची सरकल्याचा.

"बरं," कलाबाई म्हणाल्या. "मिरची कमी टाकजो. याले सोसत नाई."