कापशीच्या काखेतला गुंता

मी वेणूबाईंच्या हातातली छोटी कात्री बोलतेय. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या दुकानातून त्यांनी मला आणलं. "बहनजी, जंग नहीं लगेगा," असं दुकानदार म्हणाला होता. तेवढं खरं निघालं.

बदलापूरजवळच्या खरवई गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे येतात. शिवणीतून लोंबणारे दोरे कापणं हे आमचं काम. वेणूबाई दोरा चिमटीत ताणतात आणि मी तो अगदी मुळाशी कापते. बूड राहिलं तर माल परत येतो. नऊ वर्षं हेच चाललंय. त्यांचे डोळे जीन्सवर नसले तरी हात चुकत नाही.

घरात लांब केसांची एक पांढरी मांजर आहे, कापशी. वरचे भाडेकरू खोली सोडून गेले, ती मागे राहिली. नवरा गेल्यापासून वेणूबाईंचं दुपारचं बोलणं तिच्याशीच. पण तिच्यासाठी फणी कुणी आणली नाही. काखेत केसांचा गुंता घट्ट बसला आणि ती लंगडू लागली.

वेणूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, गुंता चिमटीत ताणला आणि मला मुळाशी लावलं. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली गेली होती. मी दोन्ही कापलं. कापशी ओरडलीसुद्धा नाही, उडी मारून कपाटामागे गेली. मांडीवर केसांचा गोळा उरला, खालून ओला.

संध्याकाळी त्यांचा मुलगा कल्पेश कंपनीतून आला. त्याने बॅटरी लावून पाहिलं. जखम अंगठ्याएवढी उघडी होती.

"आई, डॉक्टरकडं नेऊ हिला."

"रगत तरी कुठंय? हळद भर. तुझा गुडघा फुटलेला तवा कोन डाक्टर आलेला?"

"मी गुडघा चाटत नव्हतो."

"गप रं. मांजरीला रिक्षातनं नेली म्हणून गाव हसंल."

हळद दाबून भरली, वर जुन्या साडीची पट्टी बांधली. कापशी ती ओढून काढायची आणि चाटायची. तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं. चौथ्या दिवशी खोलीत वास सुटला, तेव्हा वेणूबाईंनी स्वतःच रिक्षा थांबवली. कशाने कापलं ते दाखवायला मलाही पिशवीत घेतलं.

बदलापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी हळदीचा थर धुऊन काढला. खाली पू होता.

"त्याच दिवशी आला असतात तर दोन टाके पुरले असते. आता जखम उघडीच ठेवून भरू द्यावी लागेल. घरचं काही लावू नका. आणि असला गुंता कात्रीने कधीच कापायचा नाही, मावशी."

"वाचंल ना?"

"खाल्लं तर."

परतीच्या वाटेवर वेणूबाईंनी तिच्यासाठी मासळी घेतली.

त्याला आता पाच दिवस झाले. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेलं प्लास्टिकचं नरसाळं घेऊन कापशी कपाटामागे पडून असते. कल्पेशच्या बोटावरचं थोडं चाटते. वेणूबाई बशी घेऊन बसल्या की तोंड फिरवते. माझा आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून वेणूबाई दार ओढून बाहेरच्या ओट्यावर दोरे कापतात. मध्येच आत नरसाळं भिंतीला घासतं आणि त्यांचा हात थांबतो.

मांजर पाळणाऱ्यांनो, मला तिच्या अंगापासून लांब ठेवा. केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते, हे लोखंडाला कळत नाही. चूक झालीच, तर लाजेपायी एक दिवसही घालवू नका. वेणूबाईंनी तीन घालवले. बशीतली मासळी सुकलीय. ती टाकून, ताजी कुस्करायला त्या पुन्हा उठल्या आहेत.