सगळे परत

लाँड्रीतून ती घरी आली तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. दिवसभर इस्त्रीच्या मशीनपुढे उभं राहून हॉटेलांच्या चादरी दाबायच्या, आणि घरात पाऊल टाकून काय बघावं, तर टेबलावर साबणाची वडी, मिठाची पिशवी आणि शेजारी ओळीत मांडून ठेवलेले पैसे. दहाच्या दोन नोटा, पाचाचं एक नाणं, एकाची तीन. सकाळी कामावर जाताना तिने पोरीच्या हातात शंभराची नोट दिली होती, शाळेतून आलीस की एवढं घेऊन ये म्हणून.

"बाकीचे कुठायत?"

पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण सात वर्षांत ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. आज बसली होती. खुर्चीवर, मांडीखाली हात घालून.

"त्या काकांनी दिलेच नाहीत. मी मागितले. सगळे परत द्या म्हटलं, तर सगळे हसले. शेजारच्या काकूपण."

"सगळे म्हणजे किती?"

"शंभर."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर पैसे कमी, वर हे असलं उत्तर. आणि सोमवार चार दिवसांवर आलेला. सोमवारपासून तिला दुपारची पाळी मिळणार होती, पगार वाढणार होता. मुकादमबाईने स्पष्ट सांगितलं होतं, पोरीची सोय काय ते तू बघ, मला मध्येच रजा चालणार नाही. सोय कसली डोंबलाची. सोय म्हणजे पोरगी स्वतःच. शाळेतून यायचं, कुलूप उघडायचं, पाव-दूध आणायचं, आठ वाजेपर्यंत एकटीने राहायचं. हे जमलं तर पाळी, नाही तर पाळी दुसरीला. दुसऱ्या दहाजणी टपून बसलेल्या होत्याच.

म्हणून तर गेले तीन आठवडे तिने पोरीला धडे दिले होते. तेही खऱ्या पैशांनी. बटणं आणि खडे घेऊन हिशोब शिकवणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. उद्या दुकानदार काय बटणं घेणार आहे? तिने महिन्याच्या खर्चाचा डबाच टेबलावर पालथा केला. आई दुकानदार, लेक गिऱ्हाईक. हा साबण, त्याचे बत्तीस, मोज, दे. पोरगी हुशार, भराभर शिकली.

पण ते महिन्याचे पैसे होते. एक नाणं कपाटाखाली गेलं तरी जीव वरखाली व्हायचा. त्यामुळे खेळ संपला की रोज एकच घोष, "सगळे परत आले का? मोज. मोजल्याशिवाय उठायचं नाही." पोरगी मोजायची, डब्यात टाकायची, झाकण लावायची. आता खरेदी कुठे संपते आणि खेळ कुठे संपतो, हे त्या पोरीला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तिच्या लेखी बाजार असाच असायचा. साबण आपल्याला, आणि शेवटी पैसेही आपल्याला.

हे आईच्या डोक्यात शिरलं तेव्हा तिला पोरीची दया यायला हवी होती. ती आली नाही. राग आला, आणि तो स्वतःवरचा होता म्हणून जास्तच आला. स्वतःवर ओरडता येत नाही, म्हणून मग पोरीवर ओरडली.

"अगं, दुकानात दिलेले पैसे परत येतात होय? साबण घरी आला ना? मग त्याचे पैसे त्याचे. गेले ते."

"कायमचे?"

"कायमचे."

भिंगरीने डब्याकडे पाहिलं. "मग ते संपतील."

"संपतात. दर महिन्याला संपतात."

आईने पदराने तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "चल, नीट सांग. साबण बत्तीस, मीठ वीस. किती झाले?"

"बावन्न."

"बावन्नच्या पुढे शंभरपर्यंत मोज."

पोरीने बोटं काढली. त्रेपन्न, चोपन्न. हातांची बोटं संपली की टेबलावर एक नाणं पुढे सरकवायची आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात. शेवटी म्हणाली, "अठ्ठेचाळीस." मग टेबलावरच्या पैशांकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, अगदी आईसारख्या.

"आई, हे अठ्ठावीसच आहेत. त्यांनी आपले वीस ठेवले."

"वाटेत पडले नाहीत ना?"

"मी तिथेच मोजले. अठ्ठावीसच होते. तू म्हणतेस ना, मोजल्याशिवाय हलायचं नाही."

बस्स. आईने चपला पायात सरकवल्या आणि पोरीचं मनगट धरलं.

दुकान कोपऱ्यावर. दुकानदाराला सगळी आळी हसऱ्या म्हणायची. वजन करताना हसायचा, उधारी मागताना हसायचा, आणि कुणी पडलं तरी हसायचा मेला. गल्ल्यासमोर शेजारच्या काकू उभ्या होत्या, खांद्यावर पिशवी, मुठीत नुकतेच घेतलेले सुटे.

"दुपारी माझी पोरगी आली होती," आई म्हणाली. "शंभर दिले. बावन्नचा माल. अठ्ठावीस हातावर ठेवलेत. वीस कुठे गेले?"

हसऱ्या हसला. "ताई, तुमची मुलगी तर शंभरच्या शंभर परत मागत होती. आई म्हणते सगळे परत आले पाहिजेत, असं सांगत होती. आता जिला एवढंही कळत नाही, तिच्या हिशोबावर मी वीस द्यायचे? खेळता खेळता पाडले असतील."

"तिने इथेच मोजले होते."

"मोजणार कशी? लहान आहे हो."

आई काकूंकडे वळली. "काकू, तुम्ही होतात ना दुपारी? हसलातही म्हणे. किती दिले यांनी, पाहिलंत?"

काकूंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "माझं लक्ष नव्हतं बाई. पोरीचं बोलणं ऐकून हसू आलं, एवढंच."

हसायला लक्ष असतं, सांगायला नसतं. आईच्या ओठांवर अशी एक शिवी आली की पोरगी बरोबर नसती तर काकूंच्या सात पिढ्यांची वरात निघाली असती. ती गिळून आई हसऱ्याला म्हणाली, "एवढ्याशा पोरीला फसवताना लाज वाटली नाही तुम्हाला? तिला हिशोब येत नाही हे कळलं, म्हणून हात मारलात."

मागे आणखी दोघं येऊन थांबले. हसऱ्याने ते पाहिलं, गल्ला उघडला आणि शंभराची एक कोरी नोट काढून काउंटरवर फेकली.

"घ्या. सगळे परत. तुमच्या शिकवणीप्रमाणे. साबण आणि मीठही ठेवा, माझ्याकडून दान समजा."

मागचे दोघं हसले. नोट उचलावी तर भीक होते, फाडावी तर आपलाच महिना फाटतो, आणि सोडून जावं तर पोरगी जन्मभर खोटारडी ठरते. काय करावं ते आईला सुचेना, आणि सुचत नाही याचाही संताप येत होता.

भिंगरीने टाचा उचलल्या, नोटेवर बोट ठेवलं आणि ती परत हसऱ्याकडे सरकवली.

"हे नको," ती म्हणाली. "साबण आमच्या घरी आहे. मीठपण. त्याचे पैसे तुमचे, ते गेले कायमचे. आम्हाला फक्त वीस द्या."

आणि हात पुढे करून उभी राहिली.

कुणी हसलं नाही. हसऱ्या थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. दहावर भागतंय का बघितलं त्याने, म्हणजे दहाची एकच नोट ठेवली. हात तसाच राहिला. मग दुसरी ठेवली, जरा आपटूनच. पोरीने दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि आईकडे दिल्या. आईने त्या कमरेला खोचल्या. शाबास म्हणायला हवं होतं, पण अजून राग उतरला नव्हता.

"सोमवारपासून ही एकटीच येईल," ती हसऱ्याला म्हणाली. "याच दुकानात."

दोघी निघाल्या. दारात पोचल्यावर भिंगरी थांबली आणि वळून काकूंना म्हणाली, "तुम्हीपण मोजून घ्या हं."

काकू कसनुसं हसल्या. पण मूठ उघडली. ओठ हलवत त्यांनी पैसे मोजले, पिशवीतल्या सामानाकडे एकदा पाहिलं, हसऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.